रोन खोऱ्याची लाल वाईन आणि आपला ऊस



आपले एक सभासद नुकतेच ठाण्याजवळ माजिवड्याला मुलाकडे जाऊन आले. मुंबईकडची वाहने जिथून नाशिकच्या रस्त्याला लागतात, तेच हे माजिवडा. तिथल्या एका दुकानात त्यांनी फ्रान्सची लाल वाईन पाहिली, किंमत ऐकली आणि परत आल्यावर गट ऑफिसात येऊन मला विचारले, "साहेब, हीच द्राक्षं नाशिकला लावतात म्हणे. दोन एकर ऊस मोडून लावू का?" प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहे. वाईन प्यावी असे सांगण्याचा यात हेतू नाही. पीक समजून घ्यावे एवढाच आहे.

त्या बाटलीवर 'कोत द्यु रोन' असे नाव होते. रोन ही फ्रान्समधली मोठी नदी. तिच्या काठाने व्हिएनपासून आविन्योपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर द्राक्षमळे आहेत. उत्तरेत 'सिरा' आणि दक्षिणेत मुख्यतः 'ग्रनाश' ही जात. ही वाईन वर्षानुवर्षे जपून ठेवायची नसते. तुरटपणा बेताचा, म्हणून तिकडे साधी माणसेही जेवणाबरोबर घेतात. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी जमीन गोट्यांची, निचऱ्याची. उत्तरेकडून 'मिस्त्राल' नावाचा कोरडा वारा सुटतो, त्याने पाने सुकी राहतात आणि केवड्याचा त्रास कमी होतो. आपण फवारतो ते बोर्डो मिश्रणही फ्रान्सचेच, बोर्डो भागातले. ही सिरा म्हणजेच आपल्या नाशिकची शिराझ.

लाल वाईनची रीत आपल्याला कळायला सोपी आहे. उसाचा ब्रिक्स आपण पाहतो, तसाच द्राक्षाचाही पाहतात; तो २२ ते २४ झाला की काढणी. द्राक्ष चिरडून सालीसकट आंबवतात. रंग सालीतून येतो, गर बहुतेक जातींचा पांढराच. मळीपासून अल्कोहोल करणारे यीस्ट इथेही तेच काम करते. फरक इतकाच की इथे ऊर्ध्वपातन नाही.

१९३७ साली 'कोत द्यु रोन' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. कोणत्या गावची, कोणत्या जातीची द्राक्षे आणि हेक्टरी किती उत्पादन, याला बंधन आहे. आपण टनेज वाढवा म्हणतो, ते जास्त घेऊ नका म्हणतात! शेजारच्या लांगदोक प्रांतात मारोसां गावच्या शेतकऱ्यांनी १९०१ साली सहकारी वाईन संस्था काढली. प्रवरेचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा, म्हणजे सहकाराची ही वाट त्यांनी आपल्याआधी धरली होती.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क झाले, नाशिकला लागवड वाढली. पण २००८ नंतर मंदी आली, मागणी घटली आणि कित्येकांनी बागा काढून टाकल्या. याचे कारण नीट ध्यानात घ्या. थॉमसनची द्राक्षे विकली नाहीत तर बेदाणा होतो. वाईनची द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. ती खायला कोणी घेत नाही. वायनरीने नाही म्हटले की माल वेलीवरच राहिला.

उसाला एफआरपी आहे, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. वाईनच्या द्राक्षाला असे काही नाही. असतो तो फक्त करार.

म्हणून ज्यांना लावायचेच आहे त्यांनी आधी माती तपासावी. काळी, पाणी धरून ठेवणारी रानं या पिकाला नकोत. मांडव, ठिबक, एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या, यांचा खर्च कागदावर मांडावा. भाव, ब्रिक्सची अट आणि पैशाची मुदत लिहिलेला करार हातात असल्याशिवाय एक रोपही आणू नये.

त्या सभासदांचे रान मी पाहून आलो. भारी काळी जमीन आहे. त्यांना सांगितले, दोन एकर ऊसच ठेवा, पण ठिबकवर घ्या. त्यांना ते पटले.

— ऊस विकास अधिकारी