बिनइंजिनाची गाडी

आगगाडी म्हटली की अग्रभागी धूर ओकणारे इंजिन आणि त्याच्यामागून निमूटपणे ओढले जाणारे डबे, हे चित्र आपल्या मनात इतके खोल रुजलेले असते की, जिला इंजिनच नाही, जिचे बळ डब्यांच्या तळाशी ठिकठिकाणी वाटून दिलेले आहे, अशा गाडीच्या वाट्याला कौतुकाचे शब्द सहसा येत नाहीत. इंग्लंडात वाफेच्या इंजिनांच्या भक्तांची मांदियाळी मोठी. परंतु लंडनच्या उपनगरांतून रोज सकाळी कचेऱ्यांची वाट धरणाऱ्या असंख्य सामान्य माणसांचा दिनक्रम जिच्या भरवशावर चालत आला, ती ही विजेची लोकलगाडीच होय, आणि माझ्या मते त्या देशाच्या रेल्वेने प्रवाशाला दिलेली याहून मोलाची देणगी दुसरी नाही.

लिव्हरपूलच्या गोद्यांच्या कडेने, लोखंडी खांबांवर उभारलेली ओव्हरहेड रेल्वे 1893 साली खुली झाली, तेव्हाच तिच्या गाड्यांच्या विजेच्या मोटारी डब्यांखाली बसविलेल्या होत्या. तरीही लंडनला हा धडा निराळा, आणि तोही किंमत मोजून, शिकावा लागला. 1900 साली सुरू झालेल्या सेंट्रल लंडन रेल्वेने आपल्या भुयारात विजेची स्वतंत्र इंजिने घातली. एकेकाचे वजन सुमारे 44 टन, आणि त्यातला बहुतेक भार स्प्रिंगांचा आधार न घेता थेट रुळांवर पडणारा. परिणामी वरच्या इमारती थरथरू लागल्या, तक्रारी सरकारदरबारी गेल्या, चौकशी समिती नेमली गेली, आणि 1903 साली ती इंजिने बाद होऊन त्यांची जागा मोटारींच्या डब्यांनी घेतली.

हे शक्य झाले ते फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याच्या युक्तीमुळे. लिफ्टच्या यंत्रणेवर काम करताना सुचलेली ही कल्पना त्याने 1897 साली शिकागोच्या रेल्वेत अमलात आणली. मोटरमनच्या मुठीखालून मोटारींचा प्रचंड वीजप्रवाह जातच नाही. त्याची मूठ फिरली की गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या बारीक तारांतून केवळ हुकूम धावतो, आणि प्रत्येक मोटार-डब्यातील स्विच त्या हुकमाची तामिली करतात. चार डब्यांना आणखी चार जोडले तर ओझ्याबरोबर बळही वाढते. शेवटच्या स्थानकात इंजिन काढून दुसऱ्या तोंडाला लावण्याची यातायात उरत नाही, मोटरमन फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी परत फिरते. त्याच मुठीवरचा दाब सुटला, म्हणजे माणूस कोसळला किंवा मूर्च्छित झाला, तर वीज तुटून ब्रेक लागतात.

या तत्त्वाचे खरे चीज केले सर हर्बर्ट वॉकर यांनी. लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनीचे जनरल मॅनेजर असताना त्यांनी 1915 साली लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघणाऱ्या उपनगरी मार्गांवर तिसऱ्या रुळातून वीज आणली, आणि 1923 साली सदर्न रेल्वे स्थापन झाल्यावर तीच पद्धत दक्षिण इंग्लंडभर पसरविली. दर तासाच्या ठरावीक मिनिटाला गाडी सुटेल असे वेळापत्रक त्यांनी रूढ केले. प्रवाशाला पुस्तक उघडण्याचे कारणच उरू नये, हा त्यामागचा हेतू मला फार थोर वाटतो. तिसरा रूळ स्वस्त खरा, पण त्याची उणीव झाकण्याचे कारण नाही: थंडीत त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की गाडीचे वीज घेणारे धातूचे ‘शू’ त्यावरून घसटताना निळसर प्रकाशाचे लोळ उठतात, आणि कधी कधी गाडी जागच्या जागी अडून बसते.

1 जानेवारी 1933 पासून लंडनहून ब्रायटनपर्यंत विजेची वाहतूक सुरू झाली. तिच्यासाठी पाच डब्यांच्या तीन खास गाड्या, सर्व डबे आलिशान ‘पुलमन’ थाटाचे, आणि पहिल्या वर्गाच्या डब्यांना हेझल, डोरिस, ऑड्री, व्हेरा, ग्वेन, मोना अशी स्त्रियांची नावे. 1934 पासून या खास गाडीला ‘ब्रायटन बेल’ म्हणू लागले. सुमारे 51 मैलांचे अंतर ती 60 मिनिटांत कापी. मोटारींचे डबे मात्र हादरत. तरीही तिच्यावर जीव इतका, की न्याहारीतून किपर मासा वगळण्याच्या निर्णयाविरुद्ध लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्या नटश्रेष्ठाने आवाज उठविला. 30 एप्रिल 1972 रोजी ती शेवटची धावली.

सामान्यांच्या गाड्यांना असला थाट नव्हता. समोरासमोरच्या बाकांच्या प्रत्येक जोडीला दोन्ही अंगांना एकेक दार. गाडी वॉटर्लूच्या फलाटाला लागता लागता ती दारे धडाधड उघडत आणि आठ डबे क्षणार्धात रिकामे होत. मात्र धावत्या गाडीचे दार हाताने उघडता येणे प्राणघातक ठरे, आणि 1988 साली क्लॅपहॅम जंक्शनजवळच्या अपघातात 35 माणसे गेली तेव्हा त्या जुन्या डब्यांचे सांगाडे किती दुबळे होते तेही दिसून आले. 2005 साली मुख्य मार्गांवरून ते निघाले. हा निर्णय योग्यच होता, फार उशिरा झाला एवढेच.

मोटरमन हा शब्द ज्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे त्या मुंबईकराला तर ही गाडी घरचीच वाटावी. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्टच्या वरच्या तारेवर. त्याच दाबाच्या विजेवर चालणारी प्रवासी लोकल इंग्लंडात मँचेस्टर–ऑल्ट्रिंगहॅम मार्गावर सुरू झाली ती त्यानंतर सहा वर्षांनी, 1931 साली.