एक खाचर, बारा महिने

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी माळशेज घाटात कॅमेऱ्यांची गर्दी उसळते. नवोदित छायाचित्रकार घरी परतून आपली चित्रे पाहतो, तेव्हा डोळ्यांना शुभ्र भासलेले धुके चित्रात मळकट राखाडी उतरलेले असते. दोष अर्थातच कॅमेऱ्याला मिळतो आणि महागड्या लेन्सचा बेत ठरतो. वास्तविक कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम छटेचे आहे असे गृहीत धरतो. पांढरे धुके त्याला जादा उजेड वाटतो आणि तो चित्र काळवंडून टाकतो. ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ अधिक एकच्या आसपास नेले की धुके पुन्हा पांढरे होते. हे उमगण्यासाठी नवी लेन्स लागत नाही, त्याच जागी पुन्हा जावे लागते.

अशा पुन्हा जाण्याला शहापूर आणि मुरबाड हे तालुके फार सोयीचे. कसारा लोकलने आसनगावला उतरावे, तर माहुलीचे सुळके समोरच दिसतात. मुरबाडला कल्याणहून एस.टी. जाते. यांपैकी कोठेही रस्त्याकडेचे एखादे भातखाचर निवडावे आणि वर्षभर तेथेच जात राहावे.

उन्हाळ्यात तेथे राब भाजतात. टहाळ, शेण, गवत यांचा थर पेटवल्यावर उठणारा धूर आणि त्यामागून येणारे सकाळचे ऊन, एवढ्यावर समोरून येणाऱ्या प्रकाशाचा संपूर्ण धडा होतो. जुलैत लावणी लागते. ढगाळ आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर कठोर सावली पाडत नाही, आणि साचलेल्या पाण्यात तेच आभाळ उतरते. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला तर उडालेले चिखलपाणी हवेतच थबकते. १/३० ठेवला तर पावसाच्या रेघा ओढल्या जातात. (कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायला मात्र विसरू नये.) कापणीच्या दिवसांत तिरपे ऊन लोंब्यांच्या कडा उजळते, दुपारी बारा वाजता तेच शेत सपाट, निर्जीव दिसते.

त्यानंतर उडव्या रचल्या जातात. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१ मध्ये आपल्या घराजवळच्या शेतातील अशाच गंजींची सुमारे २५ चित्रे रंगविली. विषय तोच, बदलत होता तो प्रकाश आणि ऋतू.

खाचरात माणसेही असतात आणि खरी कसोटी तेथेच लागते. लावणीला वाकलेली बाई कोणाच्या चित्रासाठी वाकलेली नसते. तिची कंबर भरून आलेली असते. बांधावर उभे राहून दूरच्या लेन्सने तिला टिपणे सोपे आहे, पण त्या चित्रात सहसा पाठच येते. आधी विचारावे, थोडे बोलावे, नकार मिळाल्यास कॅमेरा खाली घ्यावा. “पुढच्या खेपेला फोटो आणून देऊ,” हे आश्वासन या गावांनी शहरी पाहुण्यांकडून पुष्कळदा ऐकले आहे. छापील प्रत काढायला किरकोळ खर्च येतो, तरीही ती क्वचितच पोहोचते.

ती पोहोचली की चित्रांत फरक पडतो. कॅमेऱ्यासमोर ताठ होणारी माणसे आपल्या कामाला लागतात, आणि यंदा राब कोणत्या दिवशी पेटवायचा हेही आपणहून सांगतात.