मळातील अदृश्य रक्त

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका निरुपद्रवी मांसांकुरापासून उद्भवतो. या रूपांतरास सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि एवढाच अवकाश वैद्यकाच्या हाती असतो. वाढलेल्या अंकुरातून रक्त झिरपते. ते डोळ्यांना दिसत नाही. ग्वायकम वृक्षाच्या राळेने माखलेल्या कागदावर मळाचा लेप देऊन हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला, तर रक्तातील हीममुळे कागद निळा पडतो. कच्चा मुळा किंवा तांबडे मांस खाल्ल्यानेही तो निळा पडू शकतो, ही या कसोटीची उणीव होय. केवळ मानवी रक्तद्रव्य ओळखणाऱ्या नव्या चाचणीत ती उरलेली नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ५० ते ८० वर्षे वयाच्या ४६,५५१ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. प्रतिवर्षी तपासलेल्या गटात १३ वर्षांतील या रोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी आढळले.

कागद निळा झाला म्हणजे कर्करोगच झाला, असे नव्हे. मूळव्याधीचे रक्तही तसाच रंग देते. (डोळ्यांना दिसणारे रक्त मूळव्याधीचेच समजून दडविण्याची खोड मात्र घातक!) निर्णयासाठी लवचीक दुर्बिणीने आतडे पाहतात, आणि अंकुर आढळल्यास तारेच्या फाशाने तो बहुधा त्याच वेळी कापून काढतात.