दाढदुखी आणि कायदा

माणूस चालू शकत नसला तरी त्याची दाढ दुखतेच. माझा चुलत दादा चाकाच्या खुर्चीवर असतो. त्याची दाढ सुजली, पण दाताचा दवाखाना माडीवर. काकांनी त्याला पाठुंगळी नेले.

अशांसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम २५ सांगते, की दवाखाना सरकारी असो की खाजगी, दिव्यांगांना त्यात सगळीकडे विनाअडथळा जाता यावे. तपासणीत त्यांचा नंबर आधी लागावा. मग जिना असेल तिथे उतार किंवा लिफ्ट नको का?

पालकांनो, घरी असे कोणी असेल तर आधी नंबर मागायला लाजू नका. तो त्यांचा हक्कच आहे.

— इयत्ता ४ थी