ईजीआर व्हॉल्व्हला पत्रा मारण्यापूर्वी

कापसाच्या हंगामात वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या बाजार समितीसमोर आणि जिनिंगच्या फाटकांवर पिकअप गाड्यांची रांग लागते. गाडी चालूच, चार हात पुढे, पुन्हा उभी. डिझेल इंजिनाच्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी धरायला एवढं पुरेसं असतं. मग गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, ‘पत्रा मारून टाका, कटकटच नको.’ म्हणजे व्हॉल्व्हच्या तोंडाशी पातळ प्लेट बसवून एक्झॉस्टचा वायू इंजिनात परत जाण्याची वाट कायमची बंद करायची. हा सल्ला ज्या समजुतींवर उभा आहे, त्यांतल्या काही अर्ध्या खऱ्या आहेत. म्हणूनच त्या टिकल्या आहेत.

‘जळालेला धूर पुन्हा इंजिनात सोडला की इंजिनाची ताकद जाते.’

हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कशाशी जोडला जात नाही. पण सिलिंडरमध्ये ज्वाळेचं तापमान साधारण १,६०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की तो ऑक्सिजनशी जोडला जाऊन नायट्रोजनची ऑक्साइडं भराभर तयार होऊ लागतात. ईजीआर व्हॉल्व्ह एक्झॉस्टमधला थोडा वायू इनटेकमध्ये परत सोडतो. त्या वायूत ऑक्सिजन कमी आणि उष्णता शोषणारे कार्बन डायऑक्साइड व वाफ जास्त असल्याने ज्वाळेचं तापमान उतरतं. हा वायू कधी आणि किती सोडायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की तो व्हॉल्व्ह बंद करतो. त्यामुळे ओव्हरटेक करताना चांगला व्हॉल्व्ह ताकद खात नाही. काजळीने उघडाच अडकलेला व्हॉल्व्ह मात्र नक्की खातो. पत्रा मारल्यावर गाडी मोकळी पळते ती गळती थांबली म्हणून, आणि व्हॉल्व्ह साफ करून नीट बसवला तरी ती तशीच पळते.

पत्र्यामुळे इनटेकमध्ये काजळी कमी जाते, हे खरं आहे. धूरही कमी दिसू शकतो. पुढचा, आणि मला सगळ्यात घातक वाटणारा गैरसमज तिथूनच निघतो.

‘पीयूसी मिळालं, म्हणजे प्रदूषण नाही.’

पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात. बीएस ४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांसाठी त्याची मर्यादा १.६२ आहे. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड या दोन्ही तपासण्यांत नाही. पत्रा मारलेली गाडी उजळ माथ्याने प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते, आणि जो वायू वाढला तो यंत्राने बघितलेलाच नसतो. डोळ्यांनाही नाही, कारण नळीतून निघणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला रंग नसतो.

हा वायू मोजला जातो तो कंपनीच्या मॉडेलला मंजुरी देताना. बीएस ४ डिझेल कारला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस ६ मध्ये ती ०.०८ वर आली. हे न पाळण्याची किंमत मोठ्या कंपनीलाही चुकली नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर सापडलं. चाचणीत ईजीआर नीट चाले, रस्त्यावर त्याचं काम कमी केलं जाई. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’ने चाचण्या केल्या आणि त्या डिसेंबरमध्ये कंपनीने इथल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. रस्त्यावर ईजीआरचं काम नुसतं कमी केलं म्हणून एवढं झालं. पत्रा ते काम पूर्णच थांबवतो.

‘आपल्याकडं मोकळं रान आहे, एका गाडीनं काय होतं?’ असंही म्हणतात. नायट्रोजन ऑक्साइडं आणि कडक ऊन एकत्र आली, की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि वर्ध्याला उन्हाची कमतरता कधीच नव्हती. हा ओझोन वाऱ्याबरोबर शहरातून शेतावर जातो. सोयाबीन, गहू आणि कापूस ही त्याचा फटका सहज बसणारी पिकं आहेत. दम्याच्या रुग्णाला तर नायट्रोजन डायऑक्साइड थेट त्रास देतो.

‘दिवा लागला, म्हणजे व्हॉल्व्ह गेला.’

बरेचदा नाही. स्कॅनरवर येणारा पी ०४०१ हा कोड फक्त इतकंच सांगतो, की वायूचा प्रवाह कमी पडतोय. जुन्या व्हॅक्युमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची रबरी नळी उन्हाने तडकली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, वाट काजळीने बुजली असेल. आधी नळी आणि कनेक्टर बघावा, मग व्हॉल्व्ह खोलून कार्बन क्लीनरने साफ करावा. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हची मोटर क्लीनरमध्ये बुडवू नये आणि झडप स्क्रूड्रायव्हरने ढकलू नये. बसवताना गॅस्केट नवं घ्यावं आणि स्कॅनरने व्हॉल्व्हची नवी शून्यस्थिती शिकवून घ्यावी. हे शेवटचं काम पुष्कळ ठिकाणी राहून जातं आणि दिवा पुन्हा लागतो.

मोटर जळाली असेल, दांडा झिजला असेल, तरच नवा व्हॉल्व्ह. कूलंट कमी होतंय आणि पांढरा धूर येतोय, तर ईजीआर कूलर फुटल्याचा संशय घ्यावा आणि गाडी चालवत राहू नये. सफाईनंतर थोड्याच काळात पुन्हा काजळी भरली, तर इंजेक्टर, टर्बोतून येणारं ऑइल आणि एअर फिल्टर तपासावा. रोग तिथे असतो.

‘समृद्धी महामार्गावर एकदा पळवली, की सगळं जळून जातं’ हे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. ईजीआरमध्ये मात्र काजळी आणि ऑइलची वाफ मिळून चिकट थर बनतो. तो वेगाने जळत नाही.

बीएस ६ गाडीत तर पत्र्याने नवीनच दुखणं सुरू होतं. ईजीआरचा दोष नोंदला गेला, की अनेक गाड्यांमध्ये डीपीएफची स्वयंसफाई थांबते. मग ईजीआरपेक्षा कितीतरी महाग असलेला तो फिल्टर तुंबतो. कॉम्प्युटरचं मॅपिंग बदलून दिवा विझवता येतो, पण तो कायद्याने परवानगी नसलेला फेरफार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मालकावर येतं, म्हणून जुनी गाडी घेताना बघून घ्या. चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा लागून, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कुणीतरी हात घातलाय. ईजीआर पाइपच्या जोडात गॅस्केटशेजारी पत्र्याची चकचकीत कड दिसते का ते पाहा. मेकॅनिकला स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडायला सांगा आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा बदलतो का बघा. बदलला नाही, तर वाट बंद आहे.