उलटा पोहणारा खोटा मासा

गळाला गांडूळ लावून मासे धरणारे तुम्ही पाहिले असतील. पण गळावरच केसांचा खोटा मासा बांधला तर?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नावाची खडकाळ नदी आहे. तिथे स्मॉलमाउथ बास हा दांडगा मासा खडकांआड दबा धरून बसतो. त्याच्यापर्यंत आमिष पोचवायला जावं, तर गळच खडकात अडकायचा!

बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात एक युक्ती केली. गळाच्या दांडीवर त्यांनी डंबेलसारखे शिशाचे डोळे बांधले आणि हरणाच्या शेपटीचे केस लावले. डोळ्यांच्या वजनाने गळ उलटा झाला, टोक वर आलं, अडकणं कमी झालं! दोरी ओढली की हा मासा सरकतो, थांबली की डोकं खाली घालून बुडतो.

तो फेकायला लवचीक, सुमारे ९ फुटी काठी लागते. काठी आणि जाड दोरी एकाच क्रमांकाची हवी; बाससाठी बहुधा ६ ते ८.

शिसं विषारी, म्हणून आता पितळी डोळेही मिळतात. आणि हो, गळाचा उलटा काटा आधी पक्कडीने दाबून टाकायचा. मग मासा अलगद सुटतो आणि परत नदीत जातो. गंमत आपली, पण जीव त्याचा ना!