बॅटरी बदलली, सल्ले तेच राहिले

नवा फोन घेतला की दुकानदार डबा हातात देता देता बजावतो, "आज आठ तास चार्जिंगला लावा, मगच वापरायला काढा." घरी आल्यावर कोणी तरी सांगतं, पूर्ण उतरल्याशिवाय चार्जरला लावू नकोस, नाहीतर बॅटरीला सवय लागते. दुसरं कोणी रात्रभर लावून झोपायला मनाई करतं, तिसरं दर दहा मिनिटांनी उघडी ॲप्स वर सरकवून बंद करत असतं. या सल्ल्यांना हसायचं कारण नाही. त्यांतले बरेचसे एके काळी खरे होते. ज्या बॅटरीबद्दल ते खरे होते ती खिशातल्या फोनांमधून केव्हाच गेली, सल्ले मात्र मागे राहिले. निव्वळ निरुपयोगी असते तरी चाललं असतं. पण सगळी काळजी या सोपस्कारांवर खर्च होते आणि बॅटरीचा खरा वैरी मोकाट राहतो. तो वैरी म्हणजे उष्णता.

आधी सल्ल्यांची वंशावळ पाहू. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली आणि पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉर्डलेस फोन, दाढीची यंत्रं, व्हिडिओ कॅमेरे आणि सुरुवातीचे मोबाईल तिच्याच जातकुळीवर चालले. तिच्यात एक खोड होती. रोज ठरावीक पातळीपर्यंतच वापरून पुन्हा भरली, तर पुढे त्या पातळीला येताच तिचा विद्युतदाब ढासळायचा, जणू उरलेली वीज ती विसरून गेली आहे. हा प्रकार प्रथम लक्षात आला तो उपग्रहांमध्ये. पृथ्वीच्या सावलीत जायचं, तेवढीच वीज वापरायची, बाहेर येऊन पुन्हा भरायची, हा त्यांचा घड्याळाबरहुकूम दिनक्रम. याला बॅटरीची 'मेमरी' म्हणू लागले आणि अधूनमधून ती पूर्ण उतरवणं हा त्यावरचा रास्त उपाय होता. पहिल्या दिवशीच्या लांबलचक चार्जिंगलाही अर्थ होता, कारण दुकानात पडून ही बॅटरी आपोआप उतरायची आणि त्या काळचे साधे चार्जर ती भरायला रात्रभर घ्यायचे. ते चार्जर भरल्यावर थांबायचेही नाहीत. म्हणजे 'रात्रभर लावू नका' यालाही आधार होता.

१९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि हे सगळं गणित उलटलं. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या बॅटरीच्या पायाभरणीसाठी. चार्जिंग होताना लिथियमचे आयन एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाच्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरताना परत फिरतात. शंभर टक्क्यांना एका टोकातलं बरंचसं लिथियम निघून गेलेलं असतं, दुसरं टोक गच्च भरलेलं असतं आणि सेलमधला विद्युतदाब ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा वर गेलेला असतो. या ताणलेल्या अवस्थेत आतला द्राव हळूहळू विघटित होतो. शून्याच्या टोकालाही सेलला त्रासच होतो, म्हणून फोन थोडी वीज राखून ठेवून आधीच बंद पडतो. म्हणजे 'पूर्ण उतरवून मग पूर्ण भरा' हा जुन्या बॅटरीचा उपचार नव्या बॅटरीला अपायकारक आहे. मधेच अर्धा तास चार्जिंगला लावल्याने काही बिघडत नाही. आज चाळीस टक्के आणि उद्या साठ टक्के वापरलं, तर दोन्ही मिळून एक आवर्तन मोजलं जातं. नव्या फोनला आठ तासांची दीक्षाही नको, तो भरला की आतली चिप प्रवाह बंद करते. पूर्ण उतरवण्याच्या सल्ल्याचा एवढाच अंश अजून जिवंत आहे की, पडद्यावरची टक्केवारी हा अंदाज असतो आणि तो भलताच चुकू लागला तर एकदा वरपासून खालपर्यंत वापर केल्याने मोजमाप ताळ्यावर येतं. फायदा मोजमापाला होतो, बॅटरीला नाही.

आता मुख्य मुद्दा. केडेक्स या कॅनडातल्या बॅटरी-तपासणी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक इसिडोर बुकमन 'बॅटरी युनिव्हर्सिटी' नावाची माहितीमाला चालवत आले आहेत. तिच्यातला एक तक्ता या विषयात वारंवार पुढे केला जातो. लिथियम-आयन सेल २५ अंश तापमानात, ४० टक्के भरलेल्या अवस्थेत वर्षभर नुसता ठेवला तर त्याची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तोच पूर्ण भरून ठेवला तर ८० टक्के. तापमान ४० अंशांवर नेलं, तर ४० टक्के भरलेल्याची ८५ आणि पूर्ण भरलेल्याची अवघी ६५ टक्के. आकडे अंदाजी आहेत आणि सेलच्या रसायनानुसार बदलतील, पण दिशा स्पष्ट आहे. या प्रयोगात फोन कोणी वापरलाच नाही, चार्जरही बदलला नाही. तापमान आणि भरलेपणा या दोघांनीच हे केलं. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास घुटमळतो, म्हणजे सावलीतसुद्धा ही मर्यादा ओलांडलेली असते. बाईकच्या हँडलवर उन्हात लावलेला, नकाशा चालू, डेटा चालू, पडदा पूर्ण उजळ आणि वर केबलही जोडलेली, अशा फोनला एका दुपारी जे सोसावं लागतं ते पंख्याखाली रात्रभर चार्जिंगला राहून लागत नाही. पडदा आपोआप मंद होणं किंवा चार्जिंग थांबल्याची सूचना येणं हा बिघाड नव्हे, फोन स्वतःला वाचवत असतो.

यावर कोणी म्हणेल, मग पूर्ण भरलेली अवस्थाही वाईटच ना, म्हणजे रात्रभर न लावण्याचा सल्ला शेवटी बरोबरच ठरला. अर्धा बरोबर. पहाटे दोनला भरून सकाळी सातपर्यंत शंभरावर बसणं सेलला आवडत नाही, पण हा परिणाम सावकाश होणारा आहे आणि त्यावर तोडगा फोनमध्येच आला आहे. ॲपलने २०१९ मध्ये अशी सोय दिली की फोन ८० टक्क्यांवर थांबतो आणि तुमच्या उठण्याच्या सुमारास उरलेलं भरतो. २०२३ च्या आयफोन १५ पासून ८० वर कायमची मर्यादाही घालता येते आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांच्या सेटिंगमध्ये असाच पर्याय सापडतो. तो सुरू करावा आणि निर्धास्त झोपावं. फक्त फोन उशीखाली किंवा गादीत खुपसलेला नसावा, कारण तिथे उष्णतेला वाट नसते. उलट २० ते ८० च्या मधेच राहायचं म्हणून दिवसभर टक्के मोजत बसणं हे नवं सोवळं झालं. फोन माणसासाठी असतो. प्रवासाला निघताना तो शंभर टक्के भरलाच पाहिजे.

जास्त वॉटचा चार्जर फोन जाळतो, ही भीतीही अशीच जुनी. टाइप-सी चार्जर आणि फोन आधी एकमेकांशी बोलणी करतात आणि फोन मागेल तेवढीच वीज चार्जर देतो. लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर साध्या फोनला ६५ वॉट ढकलत नाही. वेगवान चार्जिंगने उष्णता वाढते हा आक्षेप मात्र रास्त आहे. सुरुवातीला वेग जास्त असतो आणि भरत आल्यावर सेलवरचा ताण आणि उष्णता आवरण्यासाठी तो मुद्दाम कमी केला जातो. शेवटचे वीस टक्के रेंगाळतात ते त्यामुळे. घाई नसेल तेव्हा सावकाश चार्ज करावं. पदपथावरचा बिननावाचा स्वस्त चार्जर हा खरा धोका आहे, कारण त्यात सुरक्षेचे भागच वगळलेले असू शकतात.

ॲप्स झाडून टाकण्याबद्दल थोडक्यात. पार्श्वभूमीतली बहुतेक ॲप्स गोठवलेली असतात. ती पुसून पुन्हा उघडताना सगळं नव्याने लोड होतं आणि त्यालाच जास्त वीज लागते. ॲपलचे क्रेग फेडरिगी यांनी २०१६ मध्येच याची गरज नसल्याचं सांगितलं होतं. एखादं ॲप अडकलं किंवा बॅटरीच्या यादीत विनाकारण वर दिसलं, तर तेवढं बंद करावं.

यानंतर उरतो सगळ्यात बोचरा आक्षेप. बॅटरी कशीही जपा, कंपन्याच जुना फोन मुद्दाम संथ करतात. हा निव्वळ गैरसमज म्हणता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. कारण तांत्रिक होतं. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो, प्रोसेसरने एकदम वीज ओढली की दाब कोसळतो आणि फोन अचानक बंद पडतो. पण ग्राहकाला ते सांगितलं नव्हतं आणि नेमका तोच गुन्हा होता. ७९ डॉलरचा बॅटरीबदल २९ डॉलरवर आणावा लागला, २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरो दंड केला आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. म्हणजे संशय घेणारे कारणाबाबत चुकले तरी लपवाछपवीबाबत बरोबर ठरले. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तीन वर्षांचा फोन संथ झाला, मधेच बंद पडू लागला, तर नव्या फोनची जाहिरात बघण्याआधी सेटिंगमध्ये बॅटरीचं आरोग्य बघावं. ते ८० टक्क्यांच्या खाली गेलं असेल, तर बॅटरी बदलून फोन पुष्कळदा पुन्हा धावू लागतो. बॅटरी लवकर थकू नये म्हणून युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनांसाठी ८०० आवर्तनांनंतरही किमान ८० टक्के क्षमता टिकण्याची अट घातली आहे.

पडदा एका कडेने उचलला गेला किंवा पाठ फुगली असेल, तर मात्र आरोग्याचा आकडा बघत बसू नये. आतला द्राव विघटित होऊन वायू जमा झालेला असतो. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून सपाट करायचा नाही, टाचणीने वायू सोडायचा तर मुळीच नाही. काढलेली बॅटरी घंटागाडीत सुक्या कचऱ्याबरोबरही देऊ नये, कारण कचरा दाबणाऱ्या यंत्रात सेल चिरडला की पेट घेऊ शकतो. ती दुरुस्तीच्या दुकानात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात वेगळी द्यावी.